एकेक उशीर कापत
सोलापूरच्या ‘सिव्हिल’मधल्या जखमी मुलांवरील तातडीच्या उपचारांची वाटचाल

सोलापूरच्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर चार-चार ओळींच्या बातम्या नित्याच्या असतात. गच्चीवर खेळताना तोल जाऊन मुलगा जखमी. अंगावर उकळतं पाणी सांडून बालिका भाजली. रानात खेळताना सर्पदंश. गाव बदलतं, वय बदलतं, शेवटचं वाक्य मात्र ठरलेलं: ‘याची नोंद सिव्हिल पोलीस चौकीत झाली आहे.’ शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या दुखापतींची वाट शेवटी कुठं येऊन थांबते, ते या एका वाक्यावरून कळतं.

पाटीवर नाव ‘श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय’ असं आहे. लोकांच्या तोंडी ते सिव्हिलच. रिक्षावाल्याला ‘सिव्हिल, लवकर’ एवढं म्हटलं की पुरतं. अक्कलकोट-मंगळवेढ्याची माणसं इथं येतात, तशी धाराशिवकडची येतात आणि सीमेपलीकडून इंडी, आळंद, अफजलपूरचीही. त्यामुळे इथल्या कॅज्युअल्टीत भेदरलेल्या पोराला ‘कुठं दुखतंय रे बाळा?’ हे एका भाषेत विचारून भागत नाही. जुनी-जाणती सिस्टर तेच कानडीत ‘एल्लि नोवु?’, तेलुगूत ‘एक्कड नोप्पि?’ आणि दखनीत ‘किधर दुखरा?’ असं विचारून बघते. ज्या प्रश्नाला पोरगं रडं आवरून बोट दाखवतं, त्या भाषेत पुढचं काम चालू होतं.

अशा संस्थेची वाटचाल इमारतींच्या आणि खाटांच्या हिशेबानं सांगता येते. जखमी मुलाच्या बाजूनं पाहिलं तर हिशेब वेगळाच निघतो. दुखापत झाल्या क्षणापासून मूल योग्य हातांत पडेपर्यंत किती वेळ जातो, यावर सगळं ठरतं. त्या वेळात डॉक्टर नसल्याचा उशीर असतो, पोलिसांच्या धास्तीचा असतो, पैशांचा आणि गाडीचा असतो. गेल्या साठ वर्षांत यातला एकेक उशीर कापला गेला. काही सिव्हिलनं कापले, काही न्यायालयानं, काही सरकारी योजनांनी.

१९६३ : रात्री जागं असणारं दवाखान्याचं दार

पहिला मोठा टप्पा १९६३चा. त्या वर्षी सोलापुरात डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पदवी देणारं शिवाजी विद्यापीठ जेमतेम एक वर्षाचं होतं. आज ते ‘डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय’ या नावानं चालतं, सिव्हिल हे त्याला जोडलेलं रुग्णालय, आणि पदवी आता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते.

कॉलेज जोडलं गेल्यानं जखमी मुलाला काय मिळालं? सगळ्यात आधी, रात्री दोन वाजता जागा असलेला निवासी डॉक्टर. दुसरं म्हणजे एकाच आवारात शल्यचिकित्सा, अस्थिरोग, बालरोग, कान-नाक-घसा आणि भूलशास्त्र. झाडावरून पडलेल्या सात वर्षांच्या पोराचा हात मोडलेला असतो, डोक्याला मार असतो आणि पोटात रक्तस्राव होतोय की काय अशी शंकाही असते. अशा मुलाला तीन दवाखाने फिरवायला वेळच नसतो.

आणि मूल म्हणजे कमी वजनाचा मोठा माणूस नव्हे. त्याच्या अंगात किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असतं. दहा किलोच्या बाळाचं सगळं रक्त ८०० मिलिलिटर, म्हणजे पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीत मावून वर जागा उरेल. मोठ्या माणसाला सहज सोसेल एवढा रक्तस्राव त्याच्या जिवावर बेततो. त्यात फसवी गोष्ट अशी की मुलाचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो. नाडी धावत असते, हातपाय गार पडलेले असतात, पण आकडा ठीक दिसतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून मुलांच्या बाबतीत अनुभवी डॉक्टर रक्तदाबाच्या आकड्याआधी हाताची बोटं चाचपतात. अंगठ्यानं त्वचा दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की शिरेत सुई घालण्याची घाई सुरू होते. शीर सापडली नाही तर गुडघ्याखालच्या हाडात सुई घालून सलाईन देतात. आईबापांना ते बघवत नाही, पण जीव त्यानंच वाचतो.

औषधाचा प्रत्येक थेंब वजनावर ठरतो, आणि धावपळीत वजनकाटा कुठला? मग सोपं गणित कामी येतं: वयात चार मिळवायचे, दुप्पट करायची. तीन वर्षांचं मूल अंदाजे १४ किलोचं. भाजलेल्या मुलाचं गणितही निराळं. मोठ्या माणसाचं डोकं आणि मान म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा ९ टक्के भाग. तान्ह्या बाळाचं डोकं १८ टक्क्यांच्या घरात. मोठ्यांचा हिशेब लावला तर सलाईन चुकतं. लंड आणि ब्राउडर या दोघांनी १९४४मध्ये वयानुसार वेगळा तक्ता केला, तो यासाठीच.

सोलापूरचं दुखापतींचं पंचांग

दुखापती योगायोगानं होतात असं आपण म्हणतो, पण त्यांनाही ऋतू असतात आणि गावाचा धंदाही त्यांत दिसतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं आंब्या-चिंचेवर चढतात, गच्चीवर झोपतात, विहिरीत डुंबतात. हात टेकून पडलं की कोपराच्या वरचं हाड मोडतं. पाच ते सात वर्षांच्या मुलांत हे अगदी नेहमीचं. वरवर साधा वाटणारा हा मोड धोक्याचा, कारण हाताला रक्त पुरवणारी रोहिणी तिथूनच जाते. गावात कुणीतरी बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधतं, सूज चढते, रक्त अडतं, आणि दोन दिवसांनी बोटं आखडलेला हात घेऊन मूल येतं. फोल्कमन या जर्मन शल्यचिकित्सकानं १८८१मध्ये याचं वर्णन करून ठेवलंय. हाड पुन्हा जुळवता येतं. मेलेला स्नायू परत येत नाही.

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. सुगी सरली की कडबा येतो आणि कडब्यामागून कुट्टीचं यंत्र. चालत्या यंत्रात पेंढी सरकवणाऱ्या आईशेजारी उभं असलेलं पोर हात पुढं करतं. तुटलेलं बोट घेऊन येणाऱ्यांतही पुष्कळदा ते बोट थेट बर्फात टाकून आणलेलं असतं आणि निकामी झालेलं असतं. खरं तर ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, मग ती पिशवी बर्फावर ठेवायची.

सोलापुरात साखर कारखाने उदंड. गाळप हंगामात ऊसतोड कामगारांची कुटुंबं लेकराबाळांसह फडात उतरतात. मुलं उसाच्या ट्रॉलीभोवती खेळतात, पाचटात झोपतात. शहरात पूर्वभागात घराला लागूनच यंत्रमाग. रांगतं मूल आणि फिरतं चाक यांच्यामध्ये कधीकधी एक उंबराच काय तो असतो. दिवाळीत फटाके, थंडीत आंघोळीच्या पाण्याची बादली. फटाक्यांची बातमी होते, बादलीची फारशी होत नाही. पण भाजणाऱ्या चिमुकल्यांत गरम पाणी, चहा आणि आमटी यांचाच वाटा मोठा.

आणि शेंगदाणा. शेंगा-चटणीच्या या शहरात त्याचं नाव घेतल्याशिवाय हे पंचांग पुरं होत नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात. दाणा तोंडात, मूल हसतं किंवा पळतं, दाणा श्वासनलिकेत. उजवी नळी रुंद आणि सरळ असल्यानं तो बहुधा उजव्या फुप्फुसाकडे जातो. एकदम ठसका लागतो, मग सगळं शांत. घरचे विसरतात. एक्स-रेत दाणा दिसत नाही, तो फुगतो, त्याच्या तेलानं आत सूज येते, आणि मूल आठवडे-आठवडे खोकल्याचं औषध घेत राहतं. इथं यंत्रापेक्षा मोठा ठरतो डॉक्टरांचा एक प्रश्न: ‘दाणे खाताना ठसका लागला होता का?’ उत्तर ‘हो’ आलं की भूल देऊन दुर्बिणीनं दाणा काढायचा.

विष उतरवण्याची विद्या

साप-विंचू हा या भागातला जुना वैरी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं प्रतिविष मुंबईच्या हाफकिनचं नाव घेऊन गावोगाव पोचलं. मुलांच्या बाबतीत यातली एक गोष्ट नातेवाइकांना चकित करते. बाकी सगळी औषधं वजनावर, पण प्रतिविष मुलाला मोठ्या माणसाएवढंच. कारण उघड आहे: साप समोरचा लहान की मोठा बघून विष मोजत नाही. उलट लहान शरीरात तेवढंच विष जास्त चढतं.

विंचवाची कथा महाडची आहे, पण तिचा फायदा अवघ्या महाराष्ट्राला झाला. लाल विंचवाच्या दंशानं मुलं फुप्फुसात पाणी भरून दगावत. १९८३पूर्वी पश्चिम भारतात अशा गंभीर दंशांत शंभरातले २५ ते ३० रुग्ण जात. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात खाटेशेजारी बसून निरीक्षणं केली, रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून पाहिलं, आणि हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या यंत्राशिवाय, गोळीच्या बळावर मुलं वाचवण्याचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे शोधून सापडणार नाही.

कुत्र्याच्या चाव्याची भीतीही अशीच बदलली. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायच्या धास्तीनं पोरं चावा लपवत. ती जुनी लस देशात २००४-०५च्या सुमारास बंद झाली. आता दंडात मोजक्या सुया. पण चावा खोल असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं, हे अजून पुष्कळांना ठाऊक नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के मुलं १५ वर्षांच्या आतली असतात. मुलाची उंचीच अशी की चावा तोंडावर, मानेवर बसतो आणि मेंदूपर्यंतचं अंतर कमी होतं.

कागदाआधी माणूस

अपघाताची केस म्हणजे एमएलसी (मेडिको-लीगल केस), आणि एमएलसी म्हणजे पोलीस. या धास्तीनं एके काळी जखमींना दारातून परत पाठवलं जाई. असाच एक जखमी स्कूटरस्वार दूरच्या दवाखान्यात धाडला गेला आणि वाटेतच गेला. त्यावरच्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली निकाल दिला: आधी जीव, मग कागद, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर हे बंधन. रस्त्यावरून उचलून आणणाऱ्याची भीती जायला आणखी बराच काळ लागला. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मदतनीसांना संरक्षण दिलं आणि २०१९च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यात आलं. आज शाळेजवळ धडक बसलेल्या पोराला उचलून सिव्हिलला नेणाऱ्या अनोळखी माणसानं स्वतःचं नाव सांगायलाच हवं, अशी सक्ती नाही.

कटारा निकालाच्या सुमाराला दारातल्या शिस्तीची एक पद्धत जगभर पसरत होती, आणि तिच्या मुळाशी जखमी मुलंच होती. १९७६मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात डॉ. जेम्स स्टायनर यांचं छोटं विमान कोसळलं. पत्नी जागीच गेली, चार मुलं जखमी. जवळच्या छोट्या रुग्णालयात मिळालेले उपचार पाहून ते हादरले. स्वतः अस्थिशल्यचिकित्सक असलेल्या या बापानं सहकाऱ्यांसह १९७८मध्ये एक अभ्यासक्रम उभा केला: आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, आणि प्रत्येक वेळी याच क्रमानं. आज कॅज्युअल्टीत ‘एबीसी’ म्हणतात ते हेच. रक्तबंबाळ पाय सगळ्यांचं लक्ष वेधून घेतो. शिकलेला डॉक्टर आधी मुलाची मान सरळ धरून श्वास बघतो.

३० सप्टेंबर १९९३

अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. पहाटे चारच्या ठोक्याला काही मिनिटं असताना किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपानं हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी हीच घरं झोपलेल्या लेकरांवर कोसळली. सुमारे ८ हजार माणसं गेली. जखमींचा लोंढा उमरग्याकडून सोलापूरच्या रुग्णालयांकडे वळला. अशा वेळी कौशल्याइतकीच निवड महत्त्वाची ठरते: कुणाला आत्ता, कुणाला तासानं, कुणाला नुसता धीर. ढिगाऱ्याखाली हातपाय चेंगरलेलं मूल बाहेर काढल्यावर शुद्धीत बोलत असतं आणि काही तासांत मूत्रपिंडं बंद पडून खचतं. त्याला लगेच सलाईन लागतं. भूकंपानं सोलापूरच्या वैद्यकीय वर्तुळाला पुस्तकातलं हे पान एका दिवसात वाचायला लावलं.

पैसा आणि गाडी

पुढचा उशीर खिशातला. दागिना मोडायचा की व्याजानं काढायचे, या विचारात सोन्यासारखे तास जात. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या पहिल्या आठांत सोलापूर होतं. तेव्हा पिवळं-केशरी रेशनकार्ड, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचं संरक्षण, ९७१ प्रकारचे उपचार असं तिचं रूप होतं. भाजणं आणि बहुविध दुखापतीही त्यांत. २०१७मध्ये तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. सहकाराच्या या शहरात अश्विनी आणि मार्कंडेय यांच्यासारखी सहकारी रुग्णालयंही उभी आहेत, त्यामुळे सगळा भार एकट्या सिव्हिलवर पडत नाही. तरी सगळी दारं हिंडून झाल्यावर माणूस जिथं येतो, ते दार सिव्हिलचंच.

२०१४च्या जानेवारीत १०८ची सेवा राज्यात धावू लागली. एकूण ९३७ रुग्णवाहिका, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक सोयींच्या, आणि प्रत्येकीत डॉक्टर. त्याआधी वडाप जीप, दुधाची गाडी, नाहीतर मोटारसायकलवर दोघांच्या मधे धरलेलं मूल, अशी वाहतूक चाले. आता गाडीतच ऑक्सिजन लागतो, मान स्थिर होते. मग २०२१मध्ये कोविडची तिसरी लाट मुलांना गाठेल या धास्तीनं राज्यात मुलांसाठी कृती गट नेमला गेला आणि मुलांच्या अतिदक्षता सोयी वाढवण्यावर भर आला. लाट तशी आली नाही, पण छोट्या मापाच्या नळ्या आणि मुलांना चालणारे व्हेंटिलेटर हा विषय सरकारी बैठकांच्या टेबलावर आला, तो त्यामुळे.

उरलेला उशीर

शहर आता कुंभारीच्या माळावर पसरलंय. विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं, शेजारी रे नगर. २०२४च्या जानेवारीत तिथं १५ हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. आई-बाप कामावर आणि धाकट्याला थोरलं सांभाळतं, अशी ही वस्ती. तिथं जवळच चोवीस तासांचं अपघात केंद्र नसेल तर १९६३पासून कापत आणलेलं अंतर पुन्हा वाढेल.

त्याहून हट्टी उशीर घरातला आहे. भाजलं की टूथपेस्ट, हळद, शाई. साप चावला की दोरी, ब्लेड आणि मांत्रिक. रॉकेल प्यायलं की उलटी काढायची धडपड. त्यानं रॉकेल फुप्फुसात शिरतं. यातल्या एकेका गोष्टीला पर्याय फुकट आणि हाताशी आहे. भाजल्यावर वीस मिनिटं नळाचं वाहतं साधं पाणी. कुत्र्यानं चावा घेतल्यावर पंधरा मिनिटं साबण आणि पाणी. सापानं डसलेलं मूल चालवायचं नाही, उचलून न्यायचं. मोडलेल्या हाताला घडी घातलेलं वर्तमानपत्र सैलसर बांधायचं, बोटं दिसतील असं. रॉकेल प्यायलेल्याला काही न पाजता सरळ गाडीत घालायचं.

हे शिकवायला नवी इमारत लागत नाही. मूल बरं होऊन घरी निघतं, तेव्हा आई डॉक्टरांचा शब्द जितका मनापासून ऐकते तितका एरवी कधीच ऐकत नाही. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली, ज्या दुखापतीनं मूल आलं तिच्याविषयी दोन ओळी त्या घरच्या भाषेत लिहून दिल्या, मराठीत, कानडीत, तेलुगूत किंवा उर्दूत, तर त्या वस्तीतल्या दहा घरांपर्यंत जातील. शिकाऊ डॉक्टरांची फौज हाताशी असलेल्या सिव्हिलला हे काम या महिन्यातही सुरू करता येईल.